बोटातलं मोजायचं राहिलं

“शेवटचा टाका घालायच्या आधी सगळं मोजून घे. कात्री, दाभण, हातोडी, खडू, मांजर.”

कारागीर हे इतक्या गंभीर चेहऱ्याने सांगायचे, की ऐकणाऱ्याला शेवटचा शब्द खटकायलाही थोडा वेळ लागायचा. ते जाऊन दीड वर्ष झालं होतं. तरी खुर्चीची शिवण मिटत आली की काकूंच्या कानाशी तोच आवाज यायचा, त्याच क्रमाने. काकू मुकाट्याने मोजायच्या. कात्री आहे. दाभण आहे. हातोडी, खडू. मग गुडघ्यावर हात टेकून खाली वाकायच्या आणि बाकाखाली नजर टाकायच्या. दुकानात मांजर कित्येक वर्षांत नव्हतं, पण नेम तो नेम.

नेमाच्या बाबतीत काकू पक्क्या होत्या. सकाळी उठल्यापासून दिवसाचा पहिला टाका घालीपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही, हा त्यांचा रोजचा नेम, त्यांच्या आईकडून आलेला. दुकान उघडायचं, कोपऱ्यातल्या फळीपुढे हात जोडून उभं राहायचं, आपली माणसं एकेक करून देवाला सांगायची आणि मग सुई ओवायची. पहिला टाका पडला की बोलायला मोकळं. कारागीर त्या वेळी बारीक खिळे ओठांत धरून खुर्चीचे पट्टे ठोकत असायचे, त्यामुळे सकाळचा पहिला तास दोघंही मुकी. “आमच्या संसाराचं रहस्य ते आहे,” ते गिऱ्हाइकांना सांगायचे. “ही देवासाठी गप्प, मी खिळ्यांसाठी गप्प. भांडण सुरू व्हायलाच साडेनऊ वाजतात.”

आता खिळेही काकूच ओठांत धरायच्या. गप्प राहायला दोन कारणं होती आणि बोलायला माणूस एकही नव्हतं.

रस्त्याच्या बाजूला दुकान, मागे अरुंद जिना, वर दोन खोल्या. खुर्च्या आणि सोफे मढवायचं काम. जुनं कापड सोडवायचं, आतला काथ्या पिंजून पुन्हा भरायचा, पट्टे ताणायचे, नवं कापड चढवायचं. सगळं आयुष्य त्या काथ्याच्या धुळीत गेलं. जिन्याच्या पायऱ्यांवर अजून ती धूळ होती. काकू झाडायच्या, पण फार जोरात नाही.

मांजराची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही, कारण त्या गोष्टीत वन्सं आहेत.

वन्सं म्हणजे कारागिरांची बहीण. लग्न केलं नव्हतं. तेव्हा त्या याच घरात राहायच्या, काथ्या पिंजायच्या आणि आल्यागेल्याच्या नकला करायच्या. एकदा एका शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंचा मोठा सोफा तयार झाला. तो पोचवायला तिघंही गेली. बाई अशा कडक, की त्यांच्या घरातलं घड्याळसुद्धा दबक्या आवाजात टिकटिकायचं. सोफा जागेवर ठेवला, बाईंनी हात फिरवून पाहिला, मान डोलावली, आणि सोफ्याच्या पोटातून स्पष्ट आवाज आला, “म्याँव.”

“हे काय?” बाईंनी विचारलं.

कारागिरांची पाचावर धारण बसली. काकूंनी डोळे मिटून देवाचा धावा सुरू केला. आणि वन्संनी हातातली पिशवी शांतपणे खाली ठेवून दुसऱ्यांदा “म्याँव” केलं. मग तिसऱ्यांदा, जरा लाडात.

बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. “यांना काही त्रास आहे का?”

“अधूनमधून होतो,” कारागीर म्हणाले. “फार वेळ टिकत नाही.”

“पाणी आणू?”

“दूध असेल तर बरं,” वन्सं म्हणाल्या.

बाई आत गेल्या. तिघांनी सोफा आडवा केला, काकूंनी कात्रीने त्याचं बूड उसवलं, मांजर बाहेर पडलं आणि कुणाचे आभारबिभार न मानता खिडकीतून निघून गेलं. बाई कप घेऊन आल्या तेव्हा काकू जमिनीवर पालथ्या पडून भराभर शिवत होत्या. “शेवटची तपासणी,” कारागीर म्हणाले. वन्संनी ते दूध एका दमात पिऊन टाकलं आणि ओठ पुसत बाईंना म्हणाल्या, “आता बरं वाटतंय.”

परतताना तिघं रस्त्याच्या कडेला बसून बरगड्या दुखेपर्यंत हसली होती. “तू देवाचा धावा केलास ना, वहिनी?” वन्सं म्हणाल्या होत्या. “आणि त्याने मदतीला कुणाला पाठवलं, तर मला. बघ, त्याच्याकडेही माणसांची काय टंचाई आहे.”

त्या दिवसापासून मोजणीत मांजर आलं.

त्या वन्सं एकतीस वर्षं या घराची पायरी चढल्या नव्हत्या, आणि त्याला कारण काकू होत्या.

काकूंच्या आईचं एक चांदीचं अंगुस्तान होतं. सुई ढकलताना बोटाला टोचू नये म्हणून घालायची एवढीशी टोपी. पण आईने शेवटच्या आजारात ती स्वतःच्या बोटातून काढून लेकीच्या बोटात घातली होती. काकूंची लेक तीन वर्षांची असताना महिनाभर तापाने पडली. ताप उतरायचा, पुन्हा चढायचा. दुकानाचं काम आणि वरची खोली यांच्यात काकूंच्या दिवसातून पन्नास फेऱ्या व्हायच्या. लेकीला जरा बरं वाटलं, काकू सुई घेऊन बसल्या, आणि पाहतात तर अंगुस्तान नाही. कधीपासून नाही, तेही आठवेना.

सगळं दुकान उलटंपालटं केलं. आता वन्संना वस्तू लपवायची खोड होती. कारागिरांची हातोडी एकदा साखरेच्या डब्यात सापडली होती, काकूंची फणी चपलेत. म्हणून पहिल्या दिवशी काकू हसून म्हणाल्या, “वन्सं, द्या आता. पुरे झाली मस्करी.”

“माझ्याकडे नाही गं.”

दुसऱ्या दिवशी काकू हसल्या नाहीत. “वन्सं, माझ्या आईची आठवण आहे ती.”

“म्हणून तर मी नाही घेणार,” वन्सं म्हणाल्या. त्याही हसल्या नाहीत.

तिसऱ्या दिवशी वन्सं बाजारात गेल्या असताना काकूंनी त्यांची ट्रंक उघडली. एकेक कपडा बाहेर काढला, झटकला, घडी घालून पलंगावर ठेवला. हाताला वळणच तसं, शोधतानाही कडेला कडा जुळवत होत्या. ट्रंकेच्या तळाशी जुनी पत्रं आणि एक फुटका आरसा होता. मान वर केली तेव्हा वन्सं भाजीची पिशवी घेऊन दारात उभ्या होत्या. किती वेळ, कोण जाणे.

वन्संनी पलंगावरच्या चवडींकडे पाहिलं.

“घडी छान घातलीस, वहिनी,” त्या म्हणाल्या.

बस, तेवढंच. त्याच चवडी त्यांनी न विस्कटता ट्रंकेत ठेवल्या आणि संध्याकाळी ट्रंक घेऊन निघून गेल्या. काकू त्यांना चोर म्हणाल्या नव्हत्या. तोंडाने नाही. तेवढ्या एका आधारावर त्यांनी एकतीस वर्षं काढली.

वन्संना टेलिफोन खात्यात नोकरी लागली. चौकशीचा नंबर फिरवला की पलीकडून ज्या बायका बोलायच्या, त्यांतल्या एक. काकूंना एकदा कापडाच्या गिरणीचा नंबर हवा होता. फोन लावला तर पलीकडून ओळखीचा आवाज आला, “बोला, कोणता नंबर?” काकूंनी फोन खाली ठेवला आणि गिरणीपर्यंत चालत गेल्या.

कारागीर मात्र दर रविवारी चौकशीला फोन करायचे. वन्संच्या पाळीची वेळ त्यांना पाठ होती. काकू जिन्यात उभ्या राहून ऐकायच्या, आणि आपण ऐकतो हे त्यांना ठाऊक आहे, हेही काकूंना ठाऊक होतं.

“बाई, खुर्च्या मढवणाऱ्या कारागिराच्या दुकानाचा नंबर मिळेल?” कारागीर स्वतःच्याच दुकानातून विचारायचे.

पलीकडून स्वतःच्याच दुकानाचा नंबर सांगितला जायचा. ते कागदावर लिहूनही घ्यायचे.

“आणि नंबर चालू आहे ना, बाई? तब्येत ठीक आहे त्याची?”

मग पलीकडचं काहीतरी ऐकून हसायचे. “नाही, नाही, बदललेला नाही. हाडं कुरकुरतात थोडी. पुढच्या रविवारी पुन्हा विचारतो.”

फोन ठेवून काकूंना सांगायचे, “चुकीचा लागला.”

काकूंची प्रार्थना याच वर्षांत थोडी लांबली होती. लेकीचं नाव, कारागिरांचं नाव, शेजारपाजार, आजारी गिऱ्हाइकं, हे सगळं झालं की शेवटी एक ओळ. ‘आणि ज्याच्या हातून माझ्या आईची वस्तू गेली, त्याला ते कबूल करायची बुद्धी दे.’ नाव घ्यायच्या नाहीत. देवाला कळायला हवं ते कळतं, असा त्यांचा विश्वास. एकही सकाळ ती ओळ चुकली नाही.

इस्पितळात शेवटच्या आठवड्यात कारागीर म्हणाले होते, “एकदा तिच्याकडे जाऊन ये.”

“बघू.”

“बघू नकोस, जा. भांडायला जा हवं तर. पण मी गेल्यावर तुम्ही दोघी दोन टोकांना गप्प बसाल, ते काही मला पटत नाही. तिला तर गप्प बसायची सवयही नाही.”

“जाईन.”

“कबूल?”

“कबूल,” काकू म्हणाल्या आणि त्यांच्या उशीची कड सरळ केली.

कारागिरांना नेलं त्या दिवशी समोरच्या फुटपाथवर दिव्याच्या खांबाशी एक पांढऱ्या केसांची बाई उभी होती. रस्ता ओलांडायला एक पाऊल पुढे टाकलेलं. काकूंनी तिला ओळखलं आणि नजर खाली घातली. पुन्हा वर पाहिलं तेव्हा खांब तेवढा होता. देवाला दिलेला एकही नेम ज्यांनी कधी मोडला नाही, त्यांनी नवऱ्याला दिलेला एवढा एक शब्द दीड वर्ष तसाच ठेवला होता. आज नको. लेक येऊन जाऊ दे. अंग जरा दुखतंय. कारण शोधायला गेलं की कारणाला तोटा नसतो.

आणि आता दिवसच थोडे उरले होते. लेक दुसऱ्या शहरात असायची. तिने ठरवून टाकलं होतं, महिनाअखेरीला आईने तिच्याकडे यायचं, कायमचं. दुकान एका चष्मेवाल्याने घ्यायचं कबूल केलं होतं. एकदा हे शहर सुटलं की वन्संकडे जाणं सुटलं, हे काकूंना न कळण्याएवढ्या त्या भोळ्या नव्हत्या. रोज सकाळी कापडाचे तागे बांधताना हेच मनात यायचं, आणि रोज संध्याकाळी आणखी एक तागा बांधून व्हायचा.

अशात दातांचे डॉक्टर खुर्ची घेऊन आले.

“काकू, ही एकच.”

“मी काम घेणं बंद केलंय, डॉक्टर.”

“माझ्या बाबांच्या वेळची आहे. बाहेरच्या खोलीत असते. पेशंट येतात ते हिलाच धरून बसतात. हात बघा तिचे.”

खुर्चीच्या दोन्ही हातांवरचं कापड नखांनी विरलं होतं. बोटांच्या जागी खळगे पडले होते.

“तुमच्याकडे सगळेच गच्च धरून बसत असतील,” काकू म्हणाल्या.

“मी आत बोलावलं की सोडत नाहीत, हीच तर अडचण आहे. मागच्या महिन्यात एका पैलवानाला खुर्चीसकट आत घ्यावं लागलं.”

काकूंना हसू आलं. बऱ्याच दिवसांनी आलं म्हणून त्यांनी खुर्ची ठेवून घेतली.

दुपारी खुर्ची उलटी करून बुडाचं कापड सोडवलं, तर आतल्या लाकडावर पेन्सिलीचं अक्षर. कारागिरांची ती सवय होती. खुर्ची मिटवायच्या आधी आत, जिथे कुणी कधी बघणार नाही अशा जागी, तारीख आणि एखादी ओळ लिहून ठेवायचे. इथे लिहिलं होतं, ‘भरली बहिणीने. शिवली हिने. शिव्या खाल्ल्या दोघींच्या, मी.’ खाली एकतीस वर्षांपूर्वीची तारीख.

काकूंनी त्या अक्षरावरून अंगठा फिरवला. मग सवयीने काथ्या काढायला हात घातला. मधला निघाला, डावीकडचा निघाला. उजव्या कोपऱ्यात बोटाला काहीतरी टणक लागलं. खिळा असेल म्हणून त्यांनी चिमटीत धरून ओढलं.

खिळा नव्हता. काळं पडलेलं, काथ्याचे केस चिकटलेलं, आईचं अंगुस्तान होतं.

त्या तिथेच जमिनीवर बसल्या. पदराने पुसलं, तर एका बाजूने चांदी डोकावली. आत बोट घालायला गेल्या आणि बोट अडलं. आत कागदाची घडी होती. तपकिरी, नमुने कापायच्या जाड कागदाची, चार पदरी.

आणि तो कागद पाहताच त्यांना सगळं आठवलं, जणू कुणी कालच सांगितलं होतं.

याच जिन्याच्या शेवटच्या पायरीवर वन्संनी त्यांना खांद्याला धरून बसवलं होतं. “ताप लेकीला आणि झिजतेस तू. बोटं बघ, काड्या झाल्यात. हे आता घरंगळेल कुठेतरी. काढ, इकडे आण.” नमुन्याच्या कागदाचा तुकडा फाडून, घडी घालून, अंगुस्तानात अंगठ्याने दाबून बसवला होता. “बोट पुन्हा जाड होईपर्यंत पुरेल. फार नाचवू नकोस म्हणजे झालं.”

त्याच संध्याकाळी काकू या खुर्चीचा कोपरा सारखा करत होत्या. वरून लेक रडली. त्यांनी काथ्यात मनगटापर्यंत खुपसलेला हात हिसकून काढला आणि जिना चढल्या. बुडाचं कापड मग कारागिरांनी लावलं. लावायच्या आधी खालून हाक दिली होती, “कात्री?” लेकीचं डोकं मांडीवर घेऊन, डोळे मिटत असताना काकूंनी वरून उत्तर दिलं होतं, “आहे.” “दाभण?” “आहे.” “हातोडी? खडू? मांजर?” “आहे, आहे. मांजर नाही.” सकाळी खुर्ची पोचती झाली. बोटातलं मोजायचं कुणाच्या मनात आलं नाही. बोटातलं कशाला मोजायचं, ते बोटातच असतं.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. काकूंनी तर कळसा परक्याच्या खुर्चीत ठेवून वळसा नणंदेच्या ट्रंकेला घातला होता.

आधी त्यांना हसू आलं. एकतीस वर्षं शहरातले झाडून सगळे दातदुखीवाले या अंगुस्तानावर बसून देवाचं नाव घेत होते. पैलवानासकट. इतक्या मनापासून घेतलेलं नाव आईच्या या वस्तूखेरीज कुणाच्या वाट्याला आलं असेल? त्या मोठ्याने हसल्या आणि हे सांगायला बाकाकडे वळल्या. बाकावर हातोडी होती.

हसू थांबलं तेव्हा दुकान फार शांत वाटलं. ही गोष्ट सांगायची कुणाला? लेकीला सांगितली तर ती “अरे वा” म्हणेल. जिला पायरीवरचा कागद माहीत आहे, खालून आलेली हाक माहीत आहे, मांजर माहीत आहे, जी यावर पोट धरून हसू शकेल, अशी आता जगात एकच बाई होती. आणि तिच्यापुढे ही गोष्ट सांगायची तर आधी ट्रंकेपासून सुरुवात करावी लागणार होती.

काकू उठल्या. फोनपाशी गेल्या आणि चौकशीचा नंबर फिरवला. का, ते त्यांना सांगता आलं नसतं. यंत्रातली एक गोड बाई म्हणाली की अमुक हवं असेल तर एक दाबा, तमुक हवं असेल तर दोन. काकूंना जे हवं होतं, त्याला आकडा नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रार्थनेला उभ्या राहिल्या. लेकीचं नाव झालं. कारागिरांचं झालं, ते त्या अजूनही घ्यायच्या. शेजारपाजार झाला. मग ती शेवटची ओळ आली आणि अडली. ज्याच्या हातून माझ्या आईची वस्तू गेली. अकरा हजारांवर सकाळी त्यांनी हे मागितलं होतं. देवाने एकदाही हूं की चूं केलं नव्हतं. ऐकत मात्र होता. कदाचित हनुवटीवर हात ठेवून, ओठ दाबून. कारागीर असेच ऐकायचे.

त्या दिवशी त्यांनी ओळ पूर्ण केली नाही. हात तसेच जोडून थोडा वेळ उभ्या राहिल्या, आणि कान गरम झाले तेव्हा सुई ओवायला बसल्या.

तरी लगेच निघाल्या नाहीत. सुंभ जळतो तसा पीळही एका दिवसात जळला असता, तर मग काय हवं होतं. खुर्ची पुरी करायची आहे, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. तीन दिवस त्या खुर्चीवर जितकं बारीक काम केलं, तितकं कुठल्या राजाच्या खुर्चीवरही कुणी केलं नसेल. हातांवर दुहेरी कापड लावलं, पुढच्या पैलवानांसाठी. तिसऱ्या दिवशी, उजेड असतानाच, काम संपलं. आता करण्यासारखं काही उरलं नाही.

बूड मिटवायच्या आधी त्यांनी पेन्सिल घेतली. कारागिरांच्या ओळीखाली जागा होती. बराच विचार करून लिहिलं, ‘उघडली हिने. चूकही हिचीच.’ तारीख घातली. मग मोजलं. कात्री, दाभण, हातोडी, खडू. वाकून बाकाखाली बघितलं. आणि डाव्या हाताने उजव्या हाताचं मधलं बोट चाचपलं. अंगुस्तान होतं.

संध्याकाळी लेकीचा फोन आला.

“आई, जेवलीस?”

“आता जेवेन. उद्या दिवसभर मी नसेन. फोन करून घाबरू नकोस.”

“कुठे जाणार?”

“तुझ्या आत्याकडे.”

“आई, बरी आहेस ना तू?”

“अंगुस्तान सापडलं.”

“काय सांगतेस. कुणाकडे?”

“माझ्याकडे.”

लेक हळूच म्हणाली, “आत्या दार उघडेल?”

“माहीत नाही.”

“नाही उघडलं तर?”

“पायरीवर बसेन. पायरीला गादी नसते, पण बसता येतं.”

“बाबांसारखं बोलायला लागलीस,” लेक म्हणाली, आणि काकूंना ते इतकं बरं वाटलं की त्यांनी पाणी उकळतंय असं सांगून फोन ठेवला.

पत्ता शोधायची गरज नव्हती. भिंतीवरच्या खुंटीला कारागिरांचे कागदी नमुने टांगलेले होते. त्यांत सगळ्यात मागे एक चौकोनी नमुना होता. त्यावर लिहिलेलं, ‘बहीण. खिडकीतली खुर्ची. अठरा बाय अठरा.’ खाली पत्ता, आणि एकाखाली एक तारखा. दर दोन वर्षांनी ते बहिणीची उशी नवी करून देत होते. काकूंना तो नमुना तिथे आहे हे माहीत होतं. धूळ झटकताना त्या नेहमी त्याच्या पुढच्या नमुन्यापर्यंतच झटकायच्या. शेवटच्या तारखेपासून मोजलं, तर उशी आता साडेतीन वर्षांची झाली होती. दबली असेल.

त्यांनी बांधलेला एक तागा सोडला. निळा, जाड विणीचा. अठरा बाय अठरा कापून, शिवणीपुरतं जास्तीचं ठेवून, घडी घातली. घडी घालताना कडेला कडा जुळली. त्यांनी ती मोडली, आणि कापड तसंच गुंडाळून पिशवीत टाकलं.

सकाळी त्या नेहमीच्या वेळी उठल्या. फळीपुढे हात जोडले. लेक, कारागीर, शेजारपाजार. मग वन्संचं नाव, नाव घेऊन, एकतीस वर्षांत पहिल्यांदा. पुढे काय मागायचं ते सुचेना, म्हणून काही मागितलं नाही.

मग ध्यानात आलं की दुकानात टाका घालायला काही उरलंच नाही. डॉक्टरांची खुर्ची मिटलेली, बाकी सगळं बांधलेलं. पहिल्या टाक्याशिवाय बोलायचं नाही आणि टाका तर पिशवीत, वन्संच्या खिडकीपाशी पोचल्यावर. म्हणजे दार उघडलं तरी दारात काही बोलता येणार नाही. चार दिवस मनात जुळवलेली सगळी वाक्यं वाया गेली. काकूंना त्यात थोडं नवल वाटलं आणि बरंचसं हायसं. पिशवीत सुई आणि दोरा आहे ना, ते पाहिलं. अंगुस्तान बोटात घातलं. आतला कागद त्यांनी काढला नव्हता. बोटं पुन्हा बारीक झाली होती, त्यामुळे ते नीट बसलं.

शेजारचा न्हावी दुकानापुढे पाणी मारत होता. “काकू, आज बंद?” त्याने विचारलं, आणि मग त्यांचा सकाळचा नेम आठवून स्वतःच उत्तर दिलं, “बंदच दिसतंय. कुठे लांब?”

काकूंनी अंगुस्तानाचं बोट वर करून रस्त्याच्या टोकाकडे दाखवलं.

“एका तासात येता? बरं, बरं. डॉक्टर आले तर बसवून ठेवतो.”

काकूंनी मान हलवली नाही आणि डोलावलीही नाही. कुलूप ओढून पाहिलं. पत्त्याचा चौकोनी नमुना कंडक्टरला दाखवायला म्हणून हातात धरला, पिशवी खांद्याला लावली आणि बस थांब्याकडे चालायला लागल्या. समोर दिव्याचा खांब आला तशा क्षणभर थांबल्या, अंगठ्याने अंगुस्तान घट्ट आहे ना ते चाचपलं, आणि रस्ता ओलांडला.